शिपाई गैरहजर

आज सकाळी पत्र आलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये माझी गाडी 2 तासांच्या मर्यादेऐवजी 4 तास 11 मिनिटं उभी होती, सबब 100 पौंड भरा. 14 दिवसांत भरलेत तर 60. सोबत दोन फोटो: गाडी आत येताना, गाडी बाहेर जाताना. मधले चार तास मी तिथे हौसेने उभा होतो असा कॅमेऱ्याचा समज झालेला दिसतो.

गाडी म्हणजे सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही, 2016 ची; पेट्रोलचं इंजिनही आणि प्लगला लावून चार्ज करायची बॅटरीही. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच तोंड खराब होतं. घेतली तेव्हा डिकीत चार्जिंगची केबल मूळ प्लास्टिकच्या पिशवीत होती, सीलसुद्धा न फोडलेलं. मी खूश. म्हटलं, पहिल्या मालकाने किती जपलंय! जपलंय कसलं. इंग्लंडमध्ये त्या काळात कंपन्यांनी साहेबलोकांना अशा गाड्या भराभर दिल्या, कारण कागदावर धूर कमी, म्हणून टॅक्स कमी. साहेबांनी टॅक्स वाचवला, गाडी पेट्रोलवर पळवली आणि केबल लग्नात आलेल्या डिनर सेटसारखी पडून राहिली.

तर त्या शनिवारी, इंग्लंडातल्या रेडिंग गावात, दूध, कांदे आणि गोठवलेले मटार घेऊन आम्ही गाडीपाशी आलो. रिमोट दाबला. काही नाही. रिमोटच्या पोटातली इवलीशी किल्ली काढून दार उघडलं, बटण दाबलं. टिक टिक टिक. मग तेही बंद.

सोबत आप्पा होते. आप्पा माझे सासरे, एसटीच्या दापोडी वर्कशॉपात 34 वर्षं काढून निवृत्त झालेले. ते इंग्लंड बघायला आलेत असा आमचा समज होता. विंडसरचा किल्ला त्यांनी 40 मिनिटांत, दोन्ही हात मागे बांधून उरकला होता. "एवढं शाबूत म्हणजे लढाई कमीच झालेली दिसते," एवढंच म्हणाले. पण बंद गाडी बघताच त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली, ती आठ दिवसांत दिसली नव्हती.

"धक्का मारू," आप्पा म्हणाले.

"नाही मारता येत. हँडब्रेक विजेवर आहे, तो सुटत नाही. आणि गिअर पार्कमध्ये अडकलाय."

"बॅटरी उतरली?"

"नाही, रात्रभर चार्ज केलीय. फुल्ल आहे."

"मग?"

इथे मला खोल श्वास घ्यावा लागला. "आप्पा, बॅटऱ्या दोन आहेत. मोठी तीनशे व्होल्टची, गाडी ओढणारी. ती फुल्ल आहे. दुसरी लहान, बारा व्होल्टची. ती मेलीय. मोठीला जोडणारे जे रिले, म्हणजे विजेचे स्विच आहेत, ते लहान बॅटरीवर चालतात. लहान नाही तर मोठी जागीच होत नाही."

आप्पा बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. "म्हणजे साहेब केबिनमध्ये हजर आहे, पण किल्ली शिपायाकडे. आणि शिपाई आला नाही म्हणून ऑफिस बंद."

"तसंच."

"शिपाई बसतो कुठे?"

"डिकीत."

"उघडा डिकी."

"ती विजेवर उघडते, आप्पा."

त्यानंतर आप्पा जे हसले! दूध-कांद्याची पिशवी खाली ठेवून, डोळे पुसत हसले. एक बाई ट्रॉली थांबवून मला विचारू लागली, आजोबांना बरं वाटत नाहीये का. मला बरं वाटत नव्हतं. पण ते कुणी विचारत नव्हतं.

बॉनेट तेवढं हाताने उघडलं. आप्पांनी सवयीने आत हात घातला.

"त्या भगव्या वायरींना हात लावू नका. तीनशे व्होल्ट."

आप्पांनी हात काढला आणि विंडसरला बांधले होते तसे मागे बांधले.

मदतवाला दोन तासांनी आला. बॉनेटखाली एक लाल टोपण उचललं, जेवणाच्या डब्याएवढा बूस्टर लावला, दोन सेकंदांत गाडी जागी. डॅशबोर्डवर बॅटरी 100 टक्के, जणू काही झालंच नाही. या दोन सेकंदांसाठी मटारांचं सूप झालं. आप्पांनी आग्रह धरला की शिपायाचं ते मदतवाल्याला सांगा. पंचाईत बघा, 'प्यून' आपल्याकडे इंग्रजांच्या कचेऱ्यांतून आला आणि रेडिंगमध्ये तो कुणाला समजेना. मी 'चावीवाला पोऱ्या' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत पुटपुटलो. मदतवाला सभ्यपणे हसला आणि त्याने आप्पांशी हात मिळवला. माझ्याशी नाही.

आता हसायचं संपलं. नवी लहान बॅटरी 240 पौंड, कारण या गाडीला साधी चालत नाही. ती का उतरते ते शोधायला 180 पौंड. शोधून निघालं काय, तर गाडीतला चार्जर मोठ्या बॅटरीतून तिला नीट भरत नाही. चार्जर बदलायचे 2,300. मोठ्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षांची, गाडी 9 वर्षांची. आणि चार्जर तर त्या वॉरंटीत कधीच नव्हता. मागच्या ब्रेकच्या डिस्क गंजल्यात, कारण ही गाडी मोटरनेच वेग कमी करते, ब्रेक बिचारे बसून खातात. त्याचे 420. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने भगव्या वायरी बघून बॉनेट अलगद मिटलं, हायब्रिड करत नाही म्हणाला. म्हणजे परत त्याच शोरूमकडे, जिथे फुकट कॉफी देतात आणि तासाला 170 पौंड लावतात. पेट्रोल वाचेल म्हणून घेतली होती मी ही. थंडीत विजेवर 16 मैल जाते आणि मग इंजिन असं जागं होतं, जसं काही मीच त्याची झोपमोड केली.

दंडाविरुद्ध अर्ज करता येतो. बिघाडाचा पुरावा जोडायचा. मदतवाल्याच्या पावतीवर लिहिलंय, 'ग्राहकाने बॅटरी उतरू दिली'. 60 भरून टाकले.

आप्पा पुण्याला परत गेलेत. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर इतरांचे सासरे सुप्रभात पाठवतात, हे 'शिपाई आला का?' एवढंच पाठवतात. काल मी उलट फोन केला. सांगितलं, स्वतःचा बूस्टर घेतला, 65 पौंडांचा, आता कुणाची वाट बघायला नको.

"झकास," आप्पा म्हणाले. "ठेवलाय कुठे?"

"डिकीत," मी म्हणालो.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग सासूबाईंचा आला: "अहो, काय झालं यांना?"