अण्णा सोंग करत नाहीत

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. ‘साठीनंतर गर्दीत बोललेलं कळेना झालं, तर सावधान!’ अशी सुरुवात, आणि खाली सहा मुद्दे. हे मेंदू आक्रसत चालल्याचं पहिलं लक्षण आहे. कानाची तपासणी नॉर्मल आली तर म्हातारा माणूस सोंग करतोय, कारण सोयीचं तेवढं त्याला बरोबर ऐकू येतं. कानाशी जाऊन मोठ्यानं बोला. लसूण घालून कडवलेलं तेल सात दिवस कानात सोडा. मशीन लावू नका, कान आळशी होतो. रोज शब्दकोडी सोडवा, सगळं पूर्ववत होईल.

माझ्या वडिलांनी तो वाचला. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. “म्हणजे माझं डोकं गेलं म्हणायचं,” एवढंच बोलले आणि पुतण्याच्या मुलाच्या लग्नाला येत नाही म्हणाले. आईनं लसूण सोलायला घेतला. म्हणून हे लिहितेय, आणि मला राग आलेला आहे.

आधी त्या सोंगाचं बघू, कारण सगळ्यात जास्त घाव त्यानंच घातलाय. आमच्या घरातही हे बोललं गेलंय, मेसेज यायच्या आधीपासून. अण्णांनी सगळी उमर सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाची दिवाणजीगिरी केली. अजूनही हळदीच्या सौद्याला जाऊन बसतात. तिथं एकाच वेळी दहा जण ओरडत असतात, तरी राजापुरीचा कोणता ढीग कितीला गेला ते अण्णा अचूक सांगतात. आणि मंगल कार्यालयात शेजारी बसलेल्या मेहुण्याचं वाक्य त्यांना तीनदा विचारावं लागतं. “बघा, पैशाचं बरं ऐकू येतं!” असं म्हणणारे आमच्यातच आहेत.

पण सौद्यात काय चालतं ते बघा. आधीची बोली चौदा हजार शंभर असेल तर पुढची चौदा हजार दोनशेच्या आसपासच येणार. बोलणारा ओळखीचा, शब्द मोजके, क्रम ठरलेला. अर्धा शब्द कानावर पडला तरी उरलेला अण्णांच्या डोक्यात तयार असतो. लग्नात मेहुणा ऊस, जावयाची बदली आणि कुणाचं तरी ऑपरेशन एका दमात बोलतो. तिथं पुढचा शब्द कोणता येणार याचा काही अंदाज बांधता येत नाही.

कॅनडातल्या पिचोरा-फुलर, श्नायडर आणि डेनमन या संशोधकांनी १९९५ मध्ये नेमकं हेच तपासलं. अनेक माणसांच्या कलकलाटात लोकांना वाक्यं ऐकवली आणि शेवटचा शब्द ओळखायला लावला. काही वाक्यांत तो शब्द संदर्भावरून सुचण्यासारखा होता, काहींत नव्हता. संदर्भाचा फायदा तरुणांपेक्षा वयस्करांना जास्त झाला, ऐकू कमी येणाऱ्यांना आणि जवळजवळ नीट ऐकू येणाऱ्यांनाही. मग काही वाक्यं झाल्यावर ओळखलेले शब्द आठवायला सांगितले. जे शब्द त्यांनी स्वतः ओळखले होते, त्यातलेही वयस्करांना कमी आठवले. कलकलाट वाढला तशी तरुणांचीही आठवण घसरली. आणि आता मेसेज लिहिणाऱ्यानं नीट वाचावं: तीच कसोटी वाक्यं वाचायला देऊन घेतली, तेव्हा म्हातारे आणि तरुण यांच्या आठवणीत फरक नव्हता.

म्हणजे आठवण शाबूत असते, गोंगाटात ती दुसऱ्याच कामाला जुंपली जाते. मराठीत तर क्रियापद आणि ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘पैसे त्याला परवा दिले’ की ‘दिले नाहीत’, हे शेवटच्या शब्दावर ठरतं, तोवर आधीचं सगळं मनात धरून ठेवावं लागतं. मधला शब्द निसटला असेल तर पुढच्या शब्दांवरून मागची फट बुजवावी लागते. ज्या जागेत हे सगळं चालतं तिला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती कुणाचीच मोठी नसते. फटी बुजवण्यात ती भरून गेली की ऐकलेलं ठेवायला जागा उरत नाही, आणि बोलणारा एव्हाना दोन वाक्यं पुढं गेलेला असतो. लग्नातून परतल्यावर अण्णा दमून झोपतात ते यामुळं.

तपासणी नॉर्मल आली म्हणूनही सोंग ठरत नाही. शांत खोलीत हेडफोन लावून बारीक ‘पीं’ ऐकू आला की बटण दाबायचं, एवढीच ती तपासणी. गोंगाटातलं बोलणं तपासण्याच्या कसोट्या वेगळ्या असतात आणि त्या आपण सांगून करून घ्याव्या लागतात.

मोठ्यानं बोलण्यानं काय होतं? वयानुसार आधी उंच सुराचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’ तिथलेच. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतं. ओरडल्यानं ‘आ’ मोठा होतो, हरवलेला ‘स’ फारसा परत येत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा मात्र एकदम टोचतो. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. आधी विषय सांगा: “अण्णा, उसाच्या बिलाचं बोलतोय.”

तेलाबद्दल एकच. पडद्याला भोक नसेल तर तेल पडद्याच्या आत जात नाही, आणि भोक असेल तर ते घालणं धोक्याचं आहे. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, लसणानंही नाही. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना हे सांगावं लागतंय.

मशीननं कान आळशी होत नाही. गर्दीतला गोंगाटही मशीन थोडा वाढवतं, सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि तपासणीशिवाय घेतलेलं स्वस्तातलं यंत्र त्रास देऊ शकतं, हे खरं. पण त्यावर उपाय म्हणजे मशीन नीट बसवून घेणं. शब्दकोडी अण्णा रोज सोडवतात, खुशाल सोडवावीत. कान त्यानं सुधारत नाही.

राहिला मेंदूचा मुद्दा. त्यात अर्धं सत्य आहे, ते मला मान्य करावं लागतंय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले, त्यात ऐकू कमी येणं आहे. पण धोका वाढणं वेगळं आणि आजार सुरू झाला असं म्हणणं वेगळं. त्याच आयोगानं श्रवणयंत्रं लोकांपर्यंत पोचवा असं सांगितलंय, म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट. ओळखीचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवाच, पण ती तक्रार निराळी आहे.

लग्न येत्या रविवारी आहे. अण्णांची खुर्ची स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवायची, हे पुतण्यानं कबूल केलंय. जेवताना एका वेळी एकानंच त्यांच्याशी बोलायचं, हेही सगळ्यांना सांगून ठेवलंय. अण्णा अजून “बघू” एवढंच म्हणतात. ग्रुपवरचा मेसेज पाठवणाऱ्यानं काल काढला. आज सकाळी तोच आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलाय.