८० सेकंदांचे ४०० रुपये: आमच्या क्लिनिकच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुमच्या आईंच्या सोरायसिसवर (त्वचेवर लाल, खपल्यांचे चट्टे उठणारा आजार) आमच्याकडे चालू असलेल्या लाइट ट्रीटमेंटबद्दल तुम्ही लिहिलंत आणि एक स्टार दिलात. त्यांच्या केसपेपरमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही, कारण हे चारचौघं वाचतात. तुम्ही स्वतः जे मांडलंय, त्यालाच उत्तर देतो.

तुमची पहिली तक्रार: आधी आईंना चेंबरमध्ये दोन मिनिटं उभं करायचे, आता तुम्ही बाहेर बसून मोबाइलवर वेळ लावली तर ८० सेकंदच भरले, आणि पैसे मात्र तेच ४००. तुम्ही वेळ बरोबर मोजलीत. मागच्या पंधरवड्यात आम्ही चेंबरच्या सगळ्या ट्यूब बदलल्या, त्याचा हा परिणाम. या ट्यूब वापरून वापरून मंद होत जातात. डोळ्याला ते कळत नाही, मीटरला कळतं. आमच्या जुन्या ट्यूब शेवटी शेवटी दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिवॅट प्रकाश देत होत्या, नव्या ६ देतात. समजा एखाद्या पेशंटचा प्रकाशाचा डोस दर चौरस सेंटिमीटरला ४८० मिलिज्यूल आहे. जुन्या ट्यूबसमोर तो पुरा व्हायला १२० सेकंद लागायचे, नव्यांसमोर ८० लागतात. औषध तेवढंच गेलं. पूर्वीसारखीच दोन मिनिटं उभं ठेवलं असतं, तर दीडपट डोस गेला असता आणि रात्रीतून अंग भाजल्यासारखं लाल झालं असतं. ट्यूब बदलल्याची तारीख आणि मीटरचं रीडिंग चेंबरशेजारच्या रजिस्टरमध्ये आहे, कुणीही बघावं. पैसे आम्ही सेकंदांवर लावत नाही. पहिल्या सिटिंगला काही पेशंट जेमतेम मिनिटभर आत असतात आणि शेवटी शेवटी तीन-चार मिनिटं, दर दोन्ही वेळा एकच.

"सिस्टर दर वेळी तेच तेच प्रश्न विचारतात, डॉक्टर फिरकत नाहीत," असंही तुम्ही लिहिलंय. ते प्रश्न मीच ठरवून दिलेत. मागच्या सिटिंगनंतर आग झाली का? लाली किती वेळ राहिली? बीपीची नवी गोळी, एखादं अँटिबायोटिक सुरू झालं का? या लाइटची लाली लगेच दिसत नाही, ८ ते २४ तासांनी वर येते. म्हणून पेशंट घरी गेल्यावर काय झालं ते विचारल्याशिवाय पुढचा डोस ठरवताच येत नाही. काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला जास्त हळवी होते, तेही त्याच दिवशी कळायला हवं. सगळं ठीक असेल तर डोस १० ते २० टक्क्यांनी वाढतो, लाली टिकून असेल तर थांबतो. मध्ये तीन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात. सिस्टर गॉगल चढवतात, चेहऱ्यावर चट्टे नसतील तर चेहरा झाकतात, मगच बटण दाबतात. या कामात त्यांचा हात बसलेला आहे आणि मला त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे.

दीड महिन्यात पाठ, पोट साफ झालं, पण कोपर आणि नडग्या तशाच आहेत, हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. हातापायांचे चट्टे, त्यातही नडगीचे, सगळ्यात शेवटी जातात. साधारण २० ते ३० सिटिंग लागतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम सिटिंगच्या आधी लावू नका, ते हाच प्रकाश अडवतं. घरी गेल्यावर लावा.

"ऊन फुकट आहे, आईला खिडकीत बसवलं असतं," हेही वाचलं. या ट्रीटमेंटमध्ये वापरतात तो यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाही. आणि बाहेरच्या उन्हात किती डोस गेला हे मोजणार कसं? १९८१ साली पॅरिश आणि येनिके या संशोधकांनी या किरणांच्या वेगवेगळ्या लांबीच्या लहरी तपासल्या, तेव्हा दिसलं की २९० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी त्वचा लाल करतात पण सोरायसिस हटवत नाहीत. ३१३ च्या आसपासच्या लहरी हटवतात. आमच्या ट्यूब ३११ च्या आहेत त्या याच कारणाने.

आता ज्यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते. तुम्ही लिहिलंय की दुसरीकडे एका इंजेक्शनमध्ये आई आठ दिवसांत साफ झाल्या होत्या, आणि पुन्हा तिकडेच नेणार आहात. कृपा करून नेऊ नका. असं झटपट साफ करणारं इंजेक्शन बहुतेक वेळा स्टिरॉइडचं असतं. त्याचा असर ओसरला की सोरायसिस आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. कधी अंगभर पूचे फोड येतात, कधी डोक्यापासून पायापर्यंत कातडी लाल होऊन सोलून निघते, थंडी वाजते, पेशंटला ॲडमिट करावं लागतं. असे पेशंट मी पाहिलेत. तुम्ही मागितलं तरी मी ते दिलं नाही आणि पुढेही देणार नाही.

आठवड्यातून तीनदा एसटीने साताऱ्याला यायचं, त्यात सुनेचा अर्धा दिवस मोडतो, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर मार्ग आहे. आठवड्यातून दोनदा आलं तरी गुण येतो, दिवस जास्त लागतात इतकंच. तेही जमत नसेल तर आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी आहे. त्याआधी रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं, आणि ती रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ठरलेल्या वाराची खूण कॅलेंडरवर करून ठेवावी लागते. कुठली वाट धरायची हे आईंना समोर बसवून ठरवू, त्या भेटीचे पैसे नाहीत. डोसच्या तक्त्याची झेरॉक्स काउंटरवर मागा, लगेच मिळेल. आणि मधल्या काळात बाहेर कुठलं इंजेक्शन दिलं गेलं असेल, तर चेंबरमध्ये जाण्याआधी सिस्टरना सांगा. कुणी रागावणार नाही, फक्त त्या दिवशी डोस देण्याआधी मी स्वतः आईंना तपासेन.