आत्ताच उडाला हो!

पक्षीनिरीक्षण करणाऱ्या माणसाने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "अरेरे, आत्ताच उडाला हो!" सांगणाऱ्याचा आवाज अगदी सांत्वनाला आल्यासारखा, पण आपल्या कॅमेऱ्यात फोटो आलेत याचा आनंद काही त्याला लपवता येत नाही. वर आपण न विचारता स्क्रीन पुढे करतो, झूम करून डोळ्याभोवतीचं पिवळं कडं दाखवतो आणि म्हणतो, "लाइट जरा खराब होता."

रेअर पक्षी आल्याचा मेसेज पडला की ऑफिसात काहीतरी थाप मारून धावतपळत पोचावं तर तिथे आधीच ट्रायपॉडचं रान माजलेलं असतं आणि झाडून सगळे एकाच झुडपाकडे टक लावून बसलेले. झुडूप हलतं, सगळे श्वास रोखतात, आणि बाहेर येते चिमणी. त्या क्षणी तिच्याकडे सगळे ज्या नजरेने बघतात ती बघून तिने जन्मात परत झुडपाबाहेर पडू नये. तेवढ्यात एखादा अतिशहाणा मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवतो. हे मला अजिबात पटत नाही, आधीच हजारो किलोमीटर चुकून आलेल्या जीवाला इथे तुझं कोणीतरी आहे अशी खोटी आशा कशाला दाखवायची?

कारण हे रेअर पाहुणे बरेचदा चक्क वाट चुकलेले असतात. कितीतरी छोट्या पक्ष्यांच्या पिल्लांना पहिल्या स्थलांतरात वाट दाखवायला आईबाप बरोबर नसतातच, कुठल्या दिशेला आणि साधारण किती उडायचं हे जन्मतःच आत भरलेलं असतं, त्यात गडबड झाली की स्वारी निघते भलतीकडेच, नाहीतर वाटेत वादळ गाठतं. मग तो दमलेला भुकेला जीव परक्या खंडात एखादी अळी शोधत असतो आणि समोर शंभर माणसं, आयुष्यात पहिल्यांदाच हा पक्षी दिसला म्हणून, "लाइफर! लाइफर!" असं कुजबुजत असतात.

अशा वाट चुकलेल्यांत सगळ्यात चिवट म्हणजे तो अल्बाट्रॉस, लांबलचक पंखांचा समुद्रपक्षी. ब्लॅक-ब्राउड जातीचा, मूळचा पार दक्षिण गोलार्धातला, पण १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर, हर्मनेसला, गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीत येऊन बसला आणि पार १९९५ पर्यंत बहुतेक दरवर्षी येत राहिला. लोकांनी त्याचं नावसुद्धा ठेवलं, अल्बर्ट. घरटं काय बांधलं, वाट काय बघितली, पण अल्बाट्रॉसची मादी तिथे येणार कुठून? आणि परत जायचं तर विषुववृत्ताजवळचा बिनवाऱ्याचा पट्टा आडवा, अल्बाट्रॉसचं सगळं उडणं तर वाऱ्याच्या जिवावर.

पण २०१३ च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर जे झालं त्याला तोड नाही. व्हाइट-थ्रोटेड नीडलटेल, म्हणजे आपल्या पाकोळीच्या जातकुळीतला, उडण्यात भलता वेगवान, सैबेरियाच्या बाजूला घरटी करून ऑस्ट्रेलियाकडे जाणारा पक्षी तिथे उगवला. ब्रिटनमध्ये याआधी तो दिसला होता १९९१ मध्ये, त्यामुळे लोक कुठून कुठून त्या बेटावर निघाले. जे वेळेत पोचले त्यांना तो मस्त दिसला, आणि मग त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका छोट्याशा पवनचक्कीच्या पात्याला धडकून खलास! अर्धं जग ओलांडून आला, आणि आडवी काय यावी तर पवनचक्की.

आता आमच्या जमातीचा नियम असा की पक्षी जिवंत दिसला तरच आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या लिस्टवर टिक करायची. म्हणजे आधी पोचलेल्यांची टिक पक्की. मला राहून राहून वाईट वाटतं ते तेव्हा वाटेत असलेल्यांचं. ते पोचले असतील तेव्हा पक्षी जागेवर होता, उडून जायची भीती नाही, दुर्बिणीचीही गरज नाही, हवं तर पीस न् पीस मोजून घ्या, फक्त टिक करता येणार नाही.