टाकी फुल, राऊंड नको

आमच्या सात सीटर गाडीचं ॲव्हरेज, गाडी दारात यायच्या आधीच ठरलेलं होतं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची प्रयोगशाळा आहे. तसल्या ठिकाणी गाडी रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरवतात आणि वीस मिनिटांच्या आत, अकरा किलोमीटरसुद्धा पुरते न होता, परीक्षा आटोपते. वेग नव्वदच्या वर जात नाही. एसी बंद. या परीक्षेत आमच्या मॉडेलला लिटरला सोळा मिळाले. परीक्षेत खोट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. फक्त तिथं मागच्या रांगेत मावशी बसलेल्या नव्हत्या.

सोलापुरात मावशी बसतात. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असतं, तेव्हा एसी पूर्ण फिरवून बसतात. नवी पेठेत बायको 'दोन मिनिटांत' चादरी बघून येते, तोवर इंजिन सुरू, गाडी उभी. अशा उभ्या गाडीला एसीसकट तासाला साधारण लिटरभर पेट्रोल लागतं, आणि त्या तासाचं ॲव्हरेज येतं शून्य. आकड्यावर वाद घालायचं कारण नाही, काटा सुद्धा हललेला नसतो. सात रस्त्याच्या सिग्नलला पुढं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. पावणेदोन टनांचं धूड दर वेळी शून्यातून उचलायचं म्हणजे पेट्रोल जाणारच.

हे सगळं मी मुकाट्यानं सोसलं असतं. पण सासऱ्यांनी डायरी काढली.

मामांचं आयुष्य सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये गेलं. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, सही. "जावईबापू, स्क्रीनवर दाखवतंय त्यावर विश्वास ठेवू नका. गाडी स्वतःच स्वतःचे मार्क टाकते. टाकी फुल ते टाकी फुल, हाच खरा हिशोब." तत्त्व बरोबर आहे. आज टाकी काठोकाठ भरायची, मीटर शून्यावर आणायचं, गाडी चालवायची, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीनं भरायची. जितकं पेट्रोल बसलं तितकं जळलं. घोळ 'काठोकाठ' या भागात आहे. नळी कट झाली की पोरगा विचारतो, "राऊंड करू का साहेब?" मामा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतात, "राऊंड नाही! झाकण लाव!"

एकदा तर त्यांना शंका आली की टाकीत हवा अडकलीय. हवा निघाली तर अजून अर्धा लिटर बसेल. मग ते खाली उतरले आणि मागच्या बाजूला दोन्ही हात टेकवून गाडी हलवू लागले. धोतर, डोक्यावर टोपी, पुढं अजस्र पांढरी गाडी. गाडी काही हलेना, टोपी मात्र हलत होती. मागं रिक्षांची रांग लागली. पहिल्या रिक्षातला पोरगा बिचारा चांगल्या मनाचा; उतरून आला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "बंद पडली काय की अण्णा? सरका, धक्का मारतो." मामांनी त्यालाही कामाला लावलं. पाव लिटर जास्त बसलं. डायरीत नोंद आहे.

पुण्याच्या फेरीत तर कहर झाला. मेहुणीसाठी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं, शेंगाचटणीचे डबे, कडक भाकरीचे गठ्ठे, आणि जागा उरलीच आहे म्हणून वर टपावर कॅरियर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून ऐंशीवर जी हवा बाजूला होते, तीच एकशे दहावर जवळजवळ दुप्पट जोरानं आडवी येते. त्यात टपावर गादी बांधलेली. मोहोळ मागं पडेपर्यंत मामा पुढच्या सीटवरून रनिंग कॉमेंट्री करत होते. "शंभर झाले. नव्वदवर या. ट्रकच्या मागं राहा, काय बिघडतं?" उतारावर पाय उचलला की इंजिन पेट्रोल तोडतं आणि पडद्यावर आकडा एकदम तिशीला जातो. ते बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघा! तीस! असाच पाय वर ठेवा की!"

वाटेत टेंभुर्णीला साडूंकडे चहा झाला. साडू ऊसवाले. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि सोलापूर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचं माहेर, त्यामुळे साडू गाडीच्या टाकीकडे स्वतःच्या लेकराकडे बघावं तसं बघतात. "आमचाच ऊस जळतोय तुमच्यात, दाजी." इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्क्यांचा फटका. ऊस त्यांचा, इथेनॉल कारखान्याचं आणि घसरलेलं ॲव्हरेज माझं. साडूंची स्वतःची गाडी डिझेलची. ती किती देते हे मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. बावीस. डिझेलवाल्यांची गाडी कायम बावीस देते.

पुण्याला पोहोचून टाकी भरली तर हिशोब बाराच्या जरा खाली आला. मामा खचले नाहीत. त्यांनी चढाचा मुद्दा काढला: पुणं उंचावर, सोलापूर सखल, तेव्हा येताना गाडी आपोआप घरंगळत येणार. माझा मुलगा बारावी सायन्सला. त्यानं कागद घेतला. दोन्ही शहरांच्या उंचीत फरक शंभरेक मीटर, भरलेली गाडी दोन टन, म्हणजे झाले वीस लाख ज्यूल. पेट्रोलच्या लिटरात तीन कोटींवर ज्यूल असतात, त्यातला चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असं धरलं तर अडीचशे किलोमीटरच्या अख्ख्या चढाचं पेट्रोल होतं पाव लिटर. "आजोबा, पंपावर गाडी हलवून तुम्ही तेवढंच कमावलं होतं."

मामा दोन दिवस नातवाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी योजना तयार: पुढच्या वेळी पहाटे चारला निघायचं, एसी बंद, काचा बंद, वेग ऐंशी, वाटेत चहा नाही.

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही, ती डायरी आन् ज्वारीचं पोतं, तिघं जावा गाडीनं. मी, मावशी आन् पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. मामांनी पेन काढलं.

"पोरं किती किलोची धरू?"