उलटा हात मारू नको म्हटलं होतं!

उलटा हात मारू नको, म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा ओढू नको, हे खुर्चीत बसता बसताच सलूनवाल्याला सांगितलं होतं. फेस लावायच्या आधी एकदा आणि वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालताना पुन्हा एकदा. "होय रे, माहीत आहे," म्हणाला. आणि जबड्याखाली पोचल्यावर अंगठ्याने कातडी वर ताणून खालून वर सर्रकन वस्तरा ओढला. मी त्याचा हात धरेपर्यंत डावी बाजू संपली होती. वर मलाच ऐकवलं, "नाहीतर गुळगुळीत होत नाही." कुणी मागितली होती गुळगुळीत मान? मी मागितली होती?

पुढचं तर आणखी संतापजनक. काचेच्या वाटीतला तुरटीचा खडा. सकाळपासून किती जणांच्या कापलेल्या, रक्त आलेल्या गळ्यांवरून फिरलाय देव जाणे. तोच पाण्यात बुडवून माझ्या सोललेल्या गळ्यावर घासला. ब्लेड प्रत्येकाला नवं, हे आता सगळ्यांना कळलंय. मग खडा एकच का? ब्लेडवर रक्त चालत नाही आणि तुरटीवर चालतं? त्यावर तळहातभर आफ्टरशेव्ह घेऊन दोन चापट्या. डिचोलीच्या बाजारातून घरी पोचेपर्यंत गळ्याला कुणी लाल मिरची वाटून लावल्यासारखं झालं होतं.

हे वाचून "एवढंच ना?" म्हणणारे भरपूर भेटतील. मला रोज भेटतात. दाढीने कुणी मरत नाही, बाईमाणसासारखं काय कातडीचं कौतुक, आमच्या आजोबांनी थंड पाण्याने दाढी केली जन्मभर. केली असेल. त्यांचे केस सरळ असतील. माझे कुरळे आहेत आणि त्याला माझा इलाज नाही. गेली चार वर्षं माझ्या घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, खाली आणि कॉलर बसते तिथे बारीक टणक पुटकुळ्या आहेत. काही लाल, काही काळ्या पडलेल्या. सकाळी उठलो की उशीच्या अभ्र्यावर तपकिरी ठिपके असतात. मान वळवली की कॉलरचा बक्रम कानशीसारखा घासतो. गोव्यात मे महिन्यात सकाळी सातला अंगाला धारा लागतात. घामातलं मीठ त्या ओरखड्यांत उतरतं तेव्हा बसच्या दांडीला धरून उभं राहून डोळ्यांत पाणी येतं. पावसाळ्यात घाम कमी, पण युनिफॉर्म चार दिवस वाळत नाही आणि ती दमट कॉलर दिवसभर गळ्याला चिकटून राहते. हे एवढंच.

या त्रासाला नाव आहे. स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. मला ते त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि खरं सांगतो, नाव ऐकून बरं वाटलं, कारण तोवर सगळ्यांनी मला ही माझी नाटकं आहेत असंच पटवत आणलं होतं. कुरळा केस तिरका कापला की त्याला भाल्यासारखं टोक येतं. तो वाढताना बाहेर येऊन परत वळतो आणि शेजारच्या कातडीत घुसतो. कातडी ताणून, उलट्या हाताने फार खोल कापला तर तो कातडीच्या पातळीच्याही खाली जातो आणि बाहेर न येता आतल्या आतच भोसकतो. शरीराला तो काटा रुतल्यासारखा वाटतो, म्हणून सूज आणि पुटकुळी. म्हणजे मुळात हा घाणीचा प्रश्न नाही. मला "नीट तोंड धूत जा" सांगणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं. आणि गालापेक्षा मानेवरच जास्त का? कारण गळ्यावर केस एका दिशेने वाढतच नाहीत. माझ्या उजव्या बाजूला ते खाली जातात, डाव्या बाजूला कानाकडे आडवे, आणि घाटीच्या बाजूला चक्क भोवरा आहे. दोन दिवस वाढू देऊन बोट फिरवलं तेव्हा कळलं. चार वर्षांत एकाही सलूनवाल्याने बोट फिरवून बघितलं नव्हतं.

आता कामाच्या ठिकाणचं सांगतो, कारण खरा राग तिथे आहे.

मी कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. नियम: रोज क्लीन शेव्ह. सातच्या शिफ्टला पावणेसातला ब्रीफिंग. त्यात रांगेत उभं करून बूट, नखं, दाढी बघतात. मागच्या महिन्यात गळा इतका चिघळला होता की मी गाल स्वच्छ केले आणि गळ्यावर ट्रिमर चालवला. एक मिलिमीटर केस राहिले असतील. सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझी हनुवटी वर करायला लावली. "हे काय आहे? गेस्ट काय म्हणेल?" मी सांगितलं, सर, पुरळ आलंय, डॉक्टरांनी काही दिवस ब्लेड लावू नको म्हटलंय. "मग सुट्टी घे." सुट्टी किती दिवसांची घेऊ? केस वाढून मोकळे व्हायला तीन-चार आठवडे लागतात. पगार कोण देणार?

मग हाऊसकीपिंगच्या ट्रॉलीतून पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ठेवतात तो प्लास्टिकचा फुकटातला रेझर काढून माझ्या हातात दिला. सहा मिनिटं होती. लॉकर रूममध्ये गरम पाणी नाही, फोम नाही. बेसिनवरच्या बाटलीतला हात धुवायचा साबण चोळला आणि त्या पुटकुळ्यांवरून तो रेझर ओढला. प्रत्येक पुटकुळीचं डोकं उडालं. टिश्यू पेपरचे तुकडे लावून ब्रीफिंगला परत गेलो तर मान हलवून "आता बरोबर," म्हणाला. अकरा वाजता एका पाहुण्या बाईंना चावी दिली तर त्या माझ्या कॉलरकडे बघत राहिल्या. पांढऱ्या कॉलरवर रक्ताची रेघ उमटली होती. आणि दुपारी त्याच सुपरवायझरने मला रक्ताळलेल्या कॉलरबद्दल बोलणी खायला लावली!

एक मिलिमीटर केस पाहुण्यांना चालत नाहीत आणि रक्त चालतं का? बरं, येणारे निम्मे पाहुणे स्वतःच दाढीवाले असतात. आमच्याच हॉटेलात वरच्या पदावरच्या एका साहेबांची दाढी आहे, छान कातरलेली, कुणी त्यांची हनुवटी वर करायला लावत नाही. नियम फक्त काउंटरमागे उभ्या राहणाऱ्यांना. हा नियम मुळात स्वच्छतेचा असता तर सगळ्यांना असता.

आणि यावर जगात कुणी विचारच केलेला नाही असंही नाही. अमेरिकेत एका पिझ्झा कंपनीच्या "दाढी चालणार नाही" या नियमाविरुद्ध खटला झाला होता, नेमका याच आजारावरून, कारण तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये कुरळ्या केसांमुळे तो फार आढळतो. १९९३ साली अपिलाच्या कोर्टाने सांगितलं की धंद्यासाठी हा नियम इतका गरजेचा आहे हे कंपनीला सिद्ध करता आलेलं नाही. लोकांना दाढीवाल्याच्या हातून पिझ्झा आवडत नाही, एवढं कारण पुरलं नाही. तीस वर्षं उलटून गेली त्याला. इथे मला अजून "गेस्ट काय म्हणेल".

रेझर विकणाऱ्यांचीही चीड येते. १९७१ मध्ये दोन पात्यांचा रेझर बाजारात आला, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. टीव्हीवरच्या जाहिरातीत मोठं करून दाखवतात, पहिलं पातं केस ओढून धरतं, दुसरं कापतं, आणि उरलेला केस कातडीखाली जातो. हे ते अभिमानाने दाखवतात! माझ्या गळ्याला हेच तर विष आहे. वर एका पाकिटाची किंमत अशी की माणूस ते महिनाभर पुरवतो, आणि बोथट झालेली पाच पाती म्हणजे एका फटक्यात पाच ओरखडे. डॉक्टरांनी मला साधा एका पात्याचा रेझर घ्यायला सांगितलं, ज्यात दुधारी ब्लेड बसतं. ब्लेड काही रुपयांचं. पाच दाढ्या झाल्या की फेकून देतो, जीव जळत नाही.

आफ्टरशेव्हबद्दल फार बोलत नाही. अल्कोहोल आणि सुगंध. झोंबलं म्हणजे काम करतंय, ही समजूत ज्याने पसरवली त्याला माझ्या गळ्यावर दोन थेंब लावून दाखवायचे आहेत. आणि "कूल"वालं घेतलं तर त्यातलं मेंथॉल कातडीला गार करतच नाही, फक्त गार वाटायला लावतं. आग तशीच असते.

पण या सगळ्यात सर्वांत मोठा घात केला तो एका ट्यूबने.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फार्मसीत गेलो, गळा दाखवला. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे धड बघितलंही नाही, मागे वळून एक ट्यूब काढली. "ही लाव, दोन दिवसांत साफ." चिठ्ठी विचारली नाही. किती दिवस लावायची सांगितलं नाही. आणि दोन दिवसांत खरंच साफ झालं! लाली गेली, खाज गेली, दोन वर्षांत पहिल्यांदा शर्टाचं वरचं बटण न दुखता लागलं. मी त्या पोराला मनातून दुवा दिला. थांबवली की तिसऱ्या दिवशी परत, दुप्पट. पुन्हा लावायची. असे तीन महिने. शेवटी कातडी कागदासारखी पातळ होऊन चकाकायला लागली, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, नुसतं पाणी लागलं तरी आग. आई रात्री विचारायची, "अरे, गळ्याला भाजलंय का तुझ्या?"

त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि कपाळाला हात लावला. क्लोबेटासोल. स्टेरॉइडमधलं सर्वांत कडक. त्यात बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं, म्हणजे काय झालंय ते न बघता तिन्हीचा मारा. चेहरा आणि गळा इथली कातडी नाजूक, तिथे हे असं आठवडेच्या आठवडे लावायचं नसतं. लावलं की कातडी त्याची सवय लावून घेते आणि सोडलं की भडकते. डॉक्टर म्हणाले, असे गळे, असे चेहरे ते रोज बघतात.

मी घरी येऊन त्या ट्यूबचं खोकं नीट वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. २०१८ मध्ये सरकारने कातडीवर लावायची चौदा स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, टाकली ती याचसाठी. कायदा आहे, छापलेलं आहे, आणि तरी काउंटरवर बिस्किटाचा पुडा मागावा तशी मिळते. गोरं करायचं क्रीम म्हणून बायका लावतात, गजकर्णाला लावतात, पोरांच्या मुरमांना लावतात. एक वाक्य, फक्त एक वाक्य त्या पोराने बोलायला हवं होतं: ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नको. ते न बोलल्याचे नऊ महिने मी भोगले. तेवढा वेळ लागला कातडी जागेवर यायला, आणि डाव्या बाजूचे काळे डाग अजून गेलेले नाहीत.

आता मी जे करतो ते सांगताना अधिकच राग येतो, कारण त्यात काहीच महाग नाही आणि काहीच गुपित नाही. आंघोळ झाल्यावर दाढी, आधी नाही, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतात. वास नसलेलं शेव्हिंग क्रीम लावून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं. कातडी ताणायची नाही, दाबायचं नाही, केस जातात त्या दिशेने एकदाच हात, दर हाताला ब्लेड धुवायचं. मग थंड पाण्याचा ओला पंचा पाच मिनिटं गळ्यावर आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. रात्री डॉक्टरांनी दिलेलं जेल. पिनेने, चिमट्याने आत वळलेला केस उकरायचा नाही, मी उकरायचो आणि त्याचे खड्डे राहिले आहेत. पायांच्या भेगांना आई कोकमतेल लावते, तेच माझ्या गळ्यालाही लावू बघते, आणि तिला नाही म्हणताना मला वाईट वाटतं, कारण आजवर माझ्या गळ्याकडे बघून हळहळलेली ती एकटीच आहे.

पण यातलं सगळं केलं तरी रोज दाढी केली की पुरळ परत उठतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, तुझ्या गळ्याचं खरं औषध म्हणजे ब्लेड कमी लावणं. ट्रिमरने एक मिलिमीटर ठेव, आठवड्यातून दोनदा दाढी कर, आयुष्यभर त्रास होणार नाही. इतकं सोपं. एक मिलिमीटर! लांबून दिसतही नाही.

हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि ती चिठ्ठी मी सही-शिक्क्यासकट एचआरला दिली. आज अकरा दिवस झाले. "वर पाठवली आहे" एवढंच उत्तर. सुपरवायझर म्हणतो, असं एकाला दिलं तर सगळे मागतील. मागू देत ना! किचनमधला एक पोरगा आणि सिक्युरिटीतले दोघे, तिघांचेही गळे माझ्यासारखेच आहेत, मी बघितलेत. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही, एवढाच फरक. परवा मी त्या तिघांनाही डॉक्टरांचा ओपीडीचा वार आणि वेळ लिहून दिली आहे.

उद्या सातची शिफ्ट आहे. गळ्यावर ट्रिमरच चालवून जाणार. हनुवटी वर करायला लावली तर करीन, आणि तसाच उभा राहीन.