दंडाची वही आणि डिंकाचे लाडू

परदेशवारीचा पहिला खर्च विमानाच्या तिकिटांचा असतो असा एक समज आहे. आमच्याकडे पहिला खर्च वजनकाट्याचा झाला. मुठीत मावणारा, खाली हुक असलेला. बॅग अडकवायची, हात वर करायचा, की आकडा दिसतो. नवऱ्याने तो घरी आणला आणि त्या संध्याकाळपासून घरातली प्रत्येक वस्तू लटकू लागली. रिकाम्या बॅगा, भरलेल्या बॅगा, चिरंजीवांचं दप्तर (हे सगळ्यांत जड निघालं), कुकर. धाकटीलाही फ्रॉकच्या पट्ट्याला हुक लावून उचलायचा बेत होता, तो मी वेळेवर हाणून पाडला.

सिंगापूर निवडलं ते मुलांसाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं तर निवडलं ते सासूबाईंसाठी. मुंबईहून साडेपाच-सहा तासांत पोहोचता येतं, नळाचं पाणी पिता येतं आणि लिटल इंडियात इडली-डोसा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. एवढं ऐकून आई म्हणाल्या, "मिळत असेल हो. पण आपलं आपल्याजवळ असलेलं बरं." या एका वाक्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

आधी व्हिसाचे फोटो. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढायचा आणि फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, मागे पांढरं. फोटोवाल्याकडे धाकटी शाळेचा पांढरा शर्ट घालून बसली आणि फोटोत नुसतंच डोकं हवेत तरंगताना दिसलं. रंगीत फ्रॉक आणायला मी घरी पळाले. परत आले तोवर तिला स्टुडिओतला प्लास्टिकचा ससा सापडला होता. ससा दाखवला की ती हसायची, ससा काढला की रडायची. फॉर्मला हवा होता कुठल्याच भावनेशिवायचा चेहरा. तो शेवटी मिळाला, सशाचा कान तुटला त्या क्षणी.

चिरंजीवांची तयारी वेगळ्या दिशेने चालली होती. त्यांनी कुठूनतरी सिंगापूरच्या मेट्रोतल्या पाटीचा फोटो मिळवला. सिगरेट ओढल्यास हजार डॉलर दंड. खाल्लं-प्यायलं तर पाचशे. ज्वालाग्राही पदार्थ नेले तर पाच हजार. आणि शेवटी ड्युरियनचं चित्र, त्यावर काट. ड्युरियन म्हणजे तिकडचं काटेरी फळ, दिसायला आपल्या फणसाचं चुलत भावंड आणि वासाला त्याहून दांडगं. त्याच्यापुढे मात्र दंडाचा आकडाच नाही. "म्हणजे ड्युरियन नेला तर काय करतात?" हा प्रश्न त्याने जेवताना, झोपताना आणि एकदा बाथरूमच्या आतून विचारला. उत्तर कुणालाच देता आलं नाही, त्यामुळे ती शिक्षा सगळ्यांत भयंकर असणार असं त्याचं मत झालं.

मग त्याने दंडाची वही सुरू केली. घरात कुणी काही चुकलं की सिंगापूरच्या दराने नोंद. बाबांनी सोफ्यावर चहा पीत पेपर वाचला: मेट्रोत असता तर पाचशे डॉलर. च्युइंगगमवर तिथे १९९२ पासून बंदी, आणता येत नाही आणि विकता येत नाही. हे कळल्यावर त्याने स्वतःच्या कंपासपेटीतलं गम स्वतःच जप्त केलं आणि खाऊन टाकलं. आई जेवणानंतर बडीशेप तोंडात टाकत होत्या, तर हा समोर वही घेऊन हजर. "आजी, पाचशे डॉलर." आईंनी रुपयांत किती ते विचारलं. तीस हजारांच्या वर जातात हे ऐकून म्हणाल्या, "एवढ्याची बडीशेप तर माझ्या लग्नातही नव्हती."

त्याच वहीमुळे त्यांच्या पर्सची झडती झाली. आत अडकित्ता. अडकित्ता विमानात हातातल्या सामानात चालत नाही, हे त्यांना समजावणं म्हणजे त्यांच्यावर हल्लेखोर असल्याचा संशय घेण्यासारखं होतं. दोन दिवस त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. झडती नातवाने घेतली होती, पण अबोला माझ्या वाट्याला.

आणि मग डिंकाचे लाडू. थंडीत करतात ते, घसघशीत, आणि घरी बाळंतीण कुणी नसताना. आईंनी परात काढली तेव्हा मी सहज यादी वाचून दाखवली. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून सिंगापूरला ती परवानगीशिवाय नेता येत नाही. आखातात तर तिच्यापायी लोक अडचणीत आलेत. सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून आपल्याकडच्या विमानतळांवर ते मोठ्या बॅगेत टाकायला मनाई आहे. किसून लाडवात घातलेल्याचं काय, हे यादीत नव्हतं. पण आई एव्हाना परातीत हात घालून थांबल्या होत्या.

"म्हणजे माझा लाडू," त्या सावकाश म्हणाल्या, "अर्धा अफू आणि अर्धा बाँब?"

रात्री त्यांनी नव्याने लाडू वळले. खसखशीशिवाय, खोबऱ्याशिवाय. मी चव घेतली. गूळ होता, डिंक होता आणि बराचसा राग होता.

मेट्रोच्या तिकिटांचं गणित नवऱ्याने स्वतःकडे ठेवलं होतं. तिथे बँकेचं कार्ड दारावर टेकवून आत जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस, म्हणून मोठ्यांना प्रत्येकी वेगळं कार्ड हवं. मुलांना ९० सेंटिमीटरपर्यंत प्रवास फुकट. त्याहून उंच पण सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर स्टेशनवर पासपोर्ट दाखवून सवलतीचं कार्ड काढायचं. हे वाचून त्याने धाकटीला दाराच्या चौकटीला उभं केलं. ती नुकतीच शाळेत "मी मोठी झाले" असं ऐकून आली होती, त्यामुळे टाचा उचलून, मान ताणून, वर पोनीटेल बांधून उभी. नवरा खाली बसून, "बाळा, जरा सैल हो ना. पाठ जरा वाकव." ती म्हणाली, "बाई म्हणतात वाकायचं नाही." पट्टी ९७ वर थांबली. पोनीटेल दाबूनही ९५. भारतीय बापाची अशी हार मी क्वचितच पाहिली आहे. कार्ड काढायचं ठरलं.

बाकीचं पटकन सांगते. तिकडचे प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा अॅडॅप्टर. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही. मुलांची तापाची आणि उलटीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. छत्री हवीच. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावरचं शहर, पाऊस विचारून येत नाही. आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आगमनपत्र. सरकारी साइटवर ते फुकट आहे. त्याच नावाने पैसे मागणाऱ्या साइट्सही आहेत, तिकडे फिरकू नका. आमच्याकडे हे पत्र भरताना "सोबत काही खाद्यपदार्थ?" अशी चर्चा घरात निघाली आणि आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्क्रीन बंद केला.

शेजारच्या काकू तिकडे जाऊन आल्यात. त्यांनी सांगितलं की फूड कोर्टात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली, आणि कुणी ते उचलत नाही. आई पहिल्यांदाच खुलल्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात त्यांची हयात गेली आहे. लगेच त्यांनी टिश्यूची पाकिटं पर्सच्या त्या कप्प्यात भरली जिथे अडकित्ता असायचा.

निघायच्या रात्री काटा पुन्हा बाहेर आला. मर्यादा २० किलोंची, मोठी बॅग २१.३. नवऱ्याने हुक धरून खोलीभर नजर फिरवली आणि लाडवांच्या डब्यावर आणून थांबवली. "आई, हा डबा दीड किलोचा आहे."

"आहे ना. जाताना दीड किलो, येताना रिकामा. तुझे ते बूट काय तिथे खाऊन संपवणार आहेस?"

काटा हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग वही घेऊन बसलेल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "बाबा, वाद घालण्याला तिथे किती दंड असतो?"

बूट राहिले. नवरा सँडल घालून सिंगापूरला निघाला.