दुबई कृत्रिम पावसानं बुडाली नाही

मराठवाड्यात पाऊस लांबला आणि कुणी कृत्रिम पावसाचा विषय काढला, की दुबईचा तो जुना निरोप पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: ‘शेखांनी विमानं उडवून ढगांत रसायनं फवारली. पाऊस हवा होता, प्रलय आला. दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात पडतो, तो काय आपोआप? आकाश हिरवं झालं होतं, व्हिडिओ पाहा. तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी कबूल केलं, मग लपवलं. निसर्गाशी खेळाल तर निसर्ग तुमच्याशी खेळेल.’

यातलं शेवटचं वाक्य इतकं गोंडस आहे, की आधीची तपासावीत असं कुणाला वाटत नाही.

आधी काय घडलं ते. १६ एप्रिल २०२४, मंगळवार. दुबईच्या विमानतळावर २४ तासांत सुमारे १४२ मिलिमीटर पाऊस झाला. तिथली वर्षाची सरासरी ९५ मिलिमीटरच्या आत आहे. अमिरातीतल्या अल ऐन शहराजवळच्या खत्म अल शकला इथं २५४ मिलिमीटर झाला. संयुक्त अरब अमिरातीत १९४९पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सर्वाधिक पाऊस असं तिथल्या राष्ट्रीय हवामान केंद्रानं जाहीर केलं. दुबईच्या शेख झायेद रोड या मुख्य रस्त्यावर गाड्या तरंगल्या, विमानतळावर विमानांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर पाणी साचलं, हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि मुंबई-पुण्याकडे निघालेली कितीतरी मंडळी विमानतळावर अडकून पडली. अमिरातीत किमान चार माणसं गेली.

‘विमानं उडवली, आधी कबूल केलं, मग लपवलं.’ अफवेत खऱ्याचा एक कण लागतो, तो इथं आहे. अमिरातीचा ढगांवर फवारणी करण्याचा कार्यक्रम १९९०च्या दशकापासून चालू आहे आणि त्यांनी तो कधी लपवलेला नाही, उलट मिरवलाच आहे. अल ऐनहून छोटी विमानं उडतात, पंखांवर मिठाची नळकांडी लावलेली असतात, ती ढगाच्या तळाशी पेटवली जातात. पुराच्या दिवशीच एका वृत्तसंस्थेनं हवामान केंद्रातल्या तज्ज्ञाच्या हवाल्यानं सांगितलं, की आधीच्या दोन दिवसांत अशी काही उड्डाणं झाली होती. मग केंद्रानं खुलासा केला: वादळ चालू असताना आम्ही एकही उड्डाण केलं नाही. लोकांनी ही दोन विधानं समोरासमोर ठेवली आणि म्हटलं, बघा, फिरले. पण ‘आधी उडलो’ आणि ‘वादळात उडलो नाही’ ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तसल्या गडगडाटी वादळात छोटं विमान घालणं म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ, हे वेगळंच.

तरी हा मुद्दा मी सोडून देतो. चला, मानू या की त्यांनी फवारणी केली, मनसोक्त केली, आणि ती प्रत्येक ढगावर लागू पडली. पुढे काय?

पुढे हिशोब आहे, आणि सगळा निरोप तिथंच कोसळतो. अनुकूल ढगातून फवारणीनं १० ते ३० टक्के जास्त पाऊस मिळतो, असा या कार्यक्रमाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा दावा. अनेक हवामानशास्त्रज्ञांना तोही जास्त वाटतो. आपण वरचा आकडा धरू, ३० टक्के. १४२ मिलिमीटरमधून ही वाढ काढली तर उरतात १०९. म्हणजे एकही विमान उडालं नसतं तरी दुबईवर एका दिवसात वर्षाच्या सरासरीहून जास्त पाऊस पडला असता, आणि शेख झायेद रोड तसाच बुडाला असता.

पाण्याच्या भाषेतही हे पाहता येईल. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. दुबई शहराचा फक्त १०० चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला, तर त्यावर १४२ मिलिमीटरचे १,४२० कोटी लिटर होतात. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे एवढ्या पाण्यावर अख्ख्या मुंबईचे साडेतीन दिवस निघतील. आणि पाऊस काही १०० चौरस किलोमीटरवर पडला नव्हता, अर्ध्या आखातावर पडला होता. हे पाणी विमानाच्या पंखाखालच्या नळकांड्यांतून आलं नाही. मीठ पाणी तयार करत नाही. ढगात जे बाष्प आधीच आहे, त्याचे थेंब लवकर मोठे व्हावेत, एकमेकांना चिकटून खाली पडावेत, एवढंच त्याचं काम. बाष्प समुद्राकडून यावं लागतं, आणि त्या आठवड्यात ते अरबी समुद्र आणि ओमानच्या आखातावरून पोत्यानं येत होतं. वरच्या थरात थंड हवेचा कमी दाबाचा पट्टा अरबस्तानावर येऊन रेंगाळला होता. खाली उबदार दमट हवा, वर थंड हवा: वळवाच्या दिवसांत आपल्याकडे दुपारी चारला जे घडतं तेच, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात आणि पुन्हा पुन्हा.

आता ओमानकडे पाहा. निरोपात ओमानचा उल्लेख कधीच नसतो, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. याच हवामानामुळे ओमानमध्ये १४ एप्रिलपासून पूर येत होते. समद अल शान भागात शाळकरी मुलांना नेणारी गाडी वाडीच्या लोंढ्यात वाहून गेली. वाडी म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा. सुमारे दहा मुलं गेली. ओमानमधल्या मृतांची एकूण संख्या अमिरातीपेक्षा कितीतरी जास्त होती. ती गाडी वाहून गेली ती दुबई बुडण्याच्या दोन दिवस आधी. बहरीन, कतार, सौदीचा पूर्व भाग, सगळीकडे त्या दिवसांत पाऊस झाला. अल ऐनच्या चार विमानांनी हे सगळं घडवलं असेल तर त्या वैमानिकांना मराठवाड्यात कायमचं आणून ठेवायला हवं. पण दुबईच्या मॉलमध्ये शिरलेलं पाणी दिसायला मजेशीर, ओमानच्या वाडीतली गाडी तशी नाही, म्हणून पहिलं फिरतं.

आणि अंदाज? जागतिक हवामान मॉडेलं या पावसाची चिन्हं कित्येक दिवस आधीपासून दाखवत होती. अमिरातीच्या सरकारनं आदल्या दिवशीच मंगळवारसाठी शाळा ऑनलाइन आणि सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम असं जाहीर केलं होतं. कुठलं विमान कुठल्या ढगात शिरणार हे अशी मॉडेलं चालवणाऱ्या युरोपातल्या संगणकाला ठाऊक नसतं. त्याला दिसत होतं ते हवामानच.

‘दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात, तो काय आपोआप?’ हो, आपोआप. वाळवंटातली सरासरी ही फसवी चीज आहे. दरवर्षी नेमानं ९५ मिलिमीटर पडतो असा तिचा अर्थ नाही. कित्येक वर्षं नुसता शिडकावा होतो, मग एखाद्या वर्षी दोन दिवसांत सगळा हिशोब चुकता होतो. २५ नोव्हेंबर २००९ रोजी सौदीतल्या जेद्दा या बंदराच्या शहरात चार तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाऊस झाला, तोही तिथल्या वर्षाच्या सरासरीहून जास्त. शंभराहून अधिक माणसं मेली. तिथं राग निघाला तो सांडपाणी आणि पूरनिचऱ्याच्या कंत्राटांवर, आणि त्यात गुंतलेल्या अधिकाऱ्यांवर खटलेही झाले. विमानांकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आपल्यालाही हे समजावून सांगायची गरज पडू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहराची दोन टोकं, मध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटर. कुणी काही फवारलं नव्हतं. आकाशाला अशी टोकं गाठता येतात हे आपण गळ्यापर्यंतच्या पाण्यातून चालत घरी जाताना शिकलो होतो. मग दुबईचा १४२ ऐकून आपल्याच माणसांना तो अशक्य का वाटावा?

टोकं वाढत चालली आहेत का, हा खरा प्रश्न. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटानं या पावसाचा लगेचच अभ्यास केला. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या, वर्षांत या भागात पडणारा असा टोकाचा पाऊस आता पूर्वीपेक्षा १० ते ४० टक्के जोरदार झाल्याचं त्यांना दिसलं, आणि तापलेली पृथ्वी हेच त्याचं सर्वांत संभवनीय कारण असं त्यांनी म्हटलं. मॉडेलांमधून ते पुरतं सिद्ध होत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे मात्र वादातीत आहे. गंमत म्हणजे निरोपाच्या ‘निसर्गाशी खेळाल तर’ या ओळीला इथं थोडा अर्थ येतो. फक्त खेळ मिठाचा नाही, तेलाचा आहे, आणि त्यात आपली दुचाकीही आहे.

हिरव्या आकाशाबद्दल दोनच वाक्यं. उंच, पाण्यानं गच्च भरलेल्या गडगडाटी ढगातून प्रकाश गाळून येतो तेव्हा आकाश हिरवट दिसू शकतं, अमेरिकेच्या मध्य भागातल्या शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मिठानं आकाश हिरवं होत नाही, नाहीतर आपल्या मिठागरांवर रोज हिरवी संध्याकाळ झाली असती.

हा निरोप मराठीत फिरतो तेव्हा तो जास्त नुकसान करतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण दुबईत नाही, आपल्याकडे आहे. दुबई कृत्रिम पावसानं बुडाली असं मानणारा माणूस नकळत दुसरीही गोष्ट मानतो: कृत्रिम पावसात शहर बुडवण्याची ताकद आहे. मग पुढच्या दुष्काळात तोच माणूस विचारतो, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही, सोडा की विमानं! महाराष्ट्रानं ती सोडलेली आहेत. २००३मध्ये सोडली, २०१५मध्ये सोडली, २०१९मध्ये सोडली. औरंगाबादला रडार बसलं, विमान आलं, फोटो झाले, कोट्यवधी रुपये खर्ची पडले. २०१५च्या पावसाळ्यात मराठवाड्यावर फवारणी झाली आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. फवारणी करणाऱ्यांनी काम चुकवलं असं मी म्हणत नाही. दुष्काळाच्या वर्षी फवारायला ढगच नसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि ढग असतात तेव्हा? त्याचंही उत्तर घरचंच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सोलापूरच्या पर्जन्यछायेत काही पावसाळे शास्त्रशुद्ध प्रयोग केला. काही ढगांवर फवारणी, काही मुद्दाम सोडून दिलेले, खाली पर्जन्यमापकांचं जाळं. पावणेतीनशेच्या आसपास ढग तपासले. निष्कर्ष: ठरावीक परिस्थितीत सुमारे १८ टक्के वाढ. वाईट नाही. सोलापूरच्या एखाद्या गावाला ५० मिलिमीटरऐवजी ५९ मिळाले तर ज्वारीला त्याचा उपयोग आहेच. पण त्यानं दुष्काळ हटत नाही आणि पूरही येत नाही. जे लोक सरकारला दरवेळी विमानांचा खर्च करायला लावतात आणि जे दुबईच्या नावानं त्याच विमानांना घाबरतात, त्या दोघांनीही हा १८चा आकडा पाहिलेला नाही.

राहिलं पाणी तुंबण्याचं. काही लोक दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात, दुबईत गटारंच नाहीत. तसंही नाही. पावसाच्या पाण्याची व्यवस्था काही भागांत आहे, एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्या बाजूला खोल बोगदाही आहे. पण वर्षातून चार दिवस पाऊस पडणाऱ्या शहराला एवढ्या पावसासाठी नळ टाकणं परवडणारं वाटलं नव्हतं. पाणी साचलं की टँकर बोलवायचे, शोषून न्यायचं, हीच तिथली रीत. भोवती सपाट जमीन, मैलोन्‌मैल डांबर आणि काँक्रीट, समुद्राजवळ वर आलेलं भूजल. पाण्यानं जायचं कुठं? कित्येक वसाहतींत ते आठवडाभर हललं नाही.

पुरानंतर अमिरातीच्या मंत्रिमंडळानं नागरिकांच्या घरांच्या दुरुस्तीसाठी २ अब्ज दिरहम मंजूर केले. जून २०२४मध्ये दुबईच्या शासकांनी ‘तसरीफ’ नावाचा पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा प्रकल्प जाहीर केला: ३० अब्ज दिरहम, निचऱ्याची क्षमता ७०० टक्क्यांनी वाढवायची, २०३३पर्यंत पूर्ण करायचा. फवारणीचा कार्यक्रम त्यांनी बंद केलेला नाही.